रोसविताचा पहिला दिवस

शनिवारी सकाळी अकरा वाजता बावन्न वर्षांची रोसविता बाल्टिक समुद्रावरच्या नग्नस्नानाच्या किनाऱ्यावर पहिल्यांदाच कपडे काढून बसली. "पोट झाक, लोक बघतात," असं वीस वर्षं सुनावणारा नवरा योर्न तिला सोडून गेला होता. इथं मात्र तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. शेजारी बसलेल्या आजींनी तर बटाट्याच्या सॅलडचा डबाच पुढे केला.

बारा वाजता योर्न नव्या मैत्रिणीबरोबर आला. ती कपडे टाकून पाण्यात पळाली. तो चड्डी घालूनच घुटमळत राहिला.

रोसविता उठून उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "काय रे योर्न, कपडे घालून इथं बायका बघायला आलास?"

सगळा किनारा त्याच्याकडे वळला.



मैत्रीण पाण्यातून हाका मारत होती. योर्नने चड्डीच्या नाडीला हात घातला, पण साडेबारापर्यंत तरी ती सुटलेली नव्हती.