न सांगितलेला हिसका

अर्धांगवायूनंतर कुमुदकाकू पहिल्यांदाच काठीशिवाय ट्रेडमिलवर चालत होत्या. संशोधक मृण्मयीने त्यांच्या नकळत बटण दाबलं. पट्ट्याला हिसका बसला, काकूंचा तोल गेला आणि अंगाला बांधलेल्या दोरांनी त्यांना वरच्यावर झेललं.

तोल जाताना शरीर कसं सावरतं, ते मृण्मयीला टिपायचं होतं. हिसक्याचं आधी सांगितलं असतं, तर काकू सावध झाल्या असत्या. म्हणून चाचणी संपेपर्यंत सांगायचं नव्हतं.

“माझाच पाय दगा देतो गं,” काकू ओशाळून म्हणाल्या. “बाहेर लेक बसलाय, त्याला सांगू नकोस हं. पुन्हा मला एकटीला जिना उतरू देणार नाही तो.”

खरं काय ते मृण्मयीच्या ओठांवर आलं.

“नाही सांगणार,” एवढंच ती बोलली.

“आता बघ, कशी नीट चालते!”

मृण्मयीने पुन्हा बटणावर बोट ठेवलं.