पाठीशी

"सगळे माझ्याकडंच बघायलेत!" बजरंग गिरणीतून ओरडला. आणि खरंच, सारं पिंगळी गाव त्याच्याकडंच बघत होतं.

गिरणीसमोर, लिंबाच्या पारावर, समोरच्या गच्चीवर, जिथं पाय मावेल तिथं माणूस. आत बजरंग, डोक्यापासून पायापर्यंत पिठानं पांढरा, हातात कोयता. कैक रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. सकाळी दळण न्यायला आलेल्या बाईवर तो खेकसला, "तुला कुणी पाठवलं?" बाई डबा टाकून पळाली आणि गाव गोळा झालं.

"सरका, सरका! पथक आलं!"

रिक्षातून उतरली गावची आशा कार्यकर्ती प्रियांका, आणि रिक्षा चालवत आलेला परमेश्वर. झालं, एवढंच पथक. दोघांच्या अंगात पिवळी जाकिटं. काठी नाही, दोरी नाही. मन बिथरलेल्या माणसाशी बोलून त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं, हे त्यांचं काम. गावानं नाव पाडलं होतं, बिनकाठीचं पथक. ग्रामसभेत सरपंच महारुद्रआबांनी छाती ठोकून सांगितलं होतं, "पोरगी बिनधास्त जाऊन बोलंल, आन् सारं गाव तिच्या पाठीशी उभं ऱ्हाईल!" सगळ्यांनी हात वर केले होते.

आज पथकाला पहिलंच बोलावणं होतं आणि गाव शब्दाला जागलं होतं. झाडून सगळे प्रियांकाच्या पाठीशी येऊन उभे होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या मोबाईल, एकाच्या खांद्यावर तर बैलाचं दावं.

"आबा, हे काय?"

"आसू दे ताई. तू बोलून बघ. न्हाई ऐकलं तर आमी शिरतो आत."

"मागल्या वक्ताला असंच शिरले व्हते," बजरंगची माय दगडाबाई खांबाला धरून म्हणाली. "लेकराचा हात मोडला. बांधू नका रे त्याला."

प्रियांका दारापासून लांबच, ज्वारीच्या पोत्यावर टेकली. आवाज तिनं साधाच ठेवला. "बजरंगदादा, मी प्रियांका. आत येत न्हाई. हितंच बसते."

"तुला कुणी पाठवलं? सगळे बघायलेत माझ्याकडं!"

प्रियांकानं मागं वळून पाहिलं. बाप रे! गच्चीवरच्या बायकासुद्धा कठड्यावरून वाकल्या होत्या.

"व्हय की दादा," ती म्हणाली. "खरंच बघायलेत."

बजरंग चपापला. इतक्या दिवसांत त्याचं खरं आहे असं कुणी म्हणालंच नव्हतं. "बघायलेत ना?" त्यानं हळूच विचारलं.

"समदे. थांबा, सांगते त्यान्ला." ती उठली आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, गावाला म्हणावं, पाठ फिरवा!"

"क्काय?"

"मोबाईल खिशात, काठ्या खाली, आन् सगळ्यांनी पाठ फिरवा."

"आगं, कोयता हाय त्याच्या हातात! आन् आमी पाठीशी ऱ्हातो म्हणलो व्हतो, पाठ फिरवतो न्हाई म्हणलो!"

"पाठीशीच ऱ्हावा आबा. फकस्त तोंड तिकडं करा."

कुणी जागचं हललं नाही. मग दगडाबाईनं खांब सोडला. लेकाकडं एकदा डोळे भरून पाहिलं, पदर डोक्यावर घेतला आणि वळली. परमेश्वर आपल्या रिक्षाकडं तोंड करून उभा राहिला. आबांनी "काय जमाना आलाय" म्हणत काठी टाकली आणि तेही वळले. मग काय, काठ्या धडाधड खाली पडल्या, दावं पारावर गेलं, गच्चीवरच्या बायका फिरल्या, कडेवरची लेकरंसुद्धा फिरवली. काय तो देखावा! साऱ्या गावाची पाठ गिरणीकडं! प्रत्येकाच्या मानेवर नुसती शिरशिरी. आबांनी तर डोळेही गच्च मिटून घेतले होते, तसं कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मागं काहीतरी फरशीवर घासलं. एक पाऊल वाजलं. मग काहीच नाही.

ठण्णकन लोखंड पडलं.

तरी कुणी वळलं नाही. नवरा-बायकोचं भांडण ऐकायला अर्धी आळी दाराशी जमते त्या गावात, एकही मान वळली नाही!

"चला दादा," प्रियांकाचा आवाज आला. "परभणीला डॉक्टरकडं जाऊ. मी संगं येते."

"दोरी?"

"न्हाई."

पावलं गर्दीतून निघाली. पिठाचा वास आबांच्या अगदी जवळून गेला आणि आबांना राहवलं नाही.

"बजरंग, मी बघत न्हाई बरं का!"

गच्चीवर कुणीतरी फिसकन हसलं. पावलं थांबली. पण बजरंगही नाकातल्या नाकात हसला, आणि पावलं पुन्हा चालू लागली. रिक्षाशी पोचता पोचता मात्र परत थांबली. दगडाबाई पाठमोरी उभी होती, तोंडात पदराचा बोळा. खांदे गदगदत होते, पण ती वळली नाही.

"माय," बजरंग म्हणाला, "तू बघ की. तू बघितलं तर चालतंय."