सातावरचा काटा

हवा कुणाच्याही मालकीची नसते, असं अम्मानच्या मॉडेल विमान क्लबातला झुहैर वर्षानुवर्षं ठासून सांगत आला होता. मग एके दिवशी उम्म लैथने नवऱ्याचं विमान त्याच्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "चाकं दुरुस्त कर, पण हवा सोडायची नाही. ती त्याची आहे."

तिचा नवरा अबू लैथ याला जाऊन आठ महिने झाले होते. शुक्रवारी त्याच्या आठवणीत मित्र ते विमान उडवणार होते आणि चाकंच बाहेर येत नव्हती. चाकं हवेच्या दाबावर चालायची. विमानाच्या पोटातली हवेची टाकी त्याने जाण्याच्या आदल्या दिवशी हातपंपाने भरली होती. दाबाचा काटा अजून सातावर होता.

"हवा सोडल्याशिवाय नळ्या काढता येत नाहीत, उम्म लैथ."

"पोराच्या सायकलीत कधी हवा भरली नाही या माणसाने. या खेळण्यात मात्र रोज! आता त्याच्या हातचं एवढंच उरलंय."

दोघांचा चहा गार झाला. शेवटी तिने विमानाच्या पोटावर तळवा ठेवला. "हळू सोड."

झुहैरने झडप दाबली. आवाज आला नाही. त्याने काट्यावर टिचकी मारली, मग तो अंगठ्याने झाकला.

"सुटली?"

"सुटली."

"एवढी हळू?"

"तुम्हीच म्हणालात ना, हळू सोड."

चाकांत काहीच बिघाड नव्हता. काटा अडकला होता आणि टाकी कित्येक महिन्यांपासून रिकामी होती.