जिना अडवून

"माझ्या अंगावर पाय देऊन जायचं असेल तर खुशाल जा," सासूबाई म्हणाल्या आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर आणखी ऐसपैस बसल्या.

शिंपी त्यांच्या वरच्या पायरीवर उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात काठी. जिना इतका अरुंद, की एरवीही समोरून कुणी आलं तर एकाला मागे सरावं लागे. आता तर सासूबाईंनी दोन्ही भिंतींना कोपर टेकवले होते. खाली दुकानात नदीचं गढूळ पाणी पाहुण्यासारखं मुक्काम ठोकून होतं.

घराला दुसरी वाट नव्हती. जिना दुकानात उतरायचा आणि दुकान रस्त्यावर उघडायचं. वरच्या खोलीच्या खिडकीला गज होते. चोराचिलटांच्या भीतीने शिंप्यानेच ते हौसेने बसवून घेतले होते. पूर आल्यापासून तो त्याच गजांना धरून रस्त्याकडे बघत बसायचा.

पाणी चढत होतं तेव्हा सासूबाईंनीच लेक-जावयाला हाताला धरून वर पिटाळलं होतं. त्या वेळी त्याला त्यांचं कौतुक वाटलं. पण आता पाणी उतरत चाललं होतं. छातीवरचं कमरेवर आलं, कमरेवरचं गुडघ्यावर. सकाळी शेजारचा न्हावी पाण्यातून चालत गेला, तोही शीळ घालत. खाली शाळेच्या गणवेशांचं कापड भिजून कुजत होतं, विजेवरच्या शिलाई मशिनी चिखलात उभ्या होत्या. आणि हा वर कोंडलेला. खोलीत कुबट वास, भिंतीभिंतीला डास. प्यायचं पाणीही तळाला गेलं होतं.

सकाळपासून तेच चाललं होतं.

"खाली साप असेल," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"काठी आहे ना माझ्या हातात."

"काच असेल. पाय कापला तर त्या घाणीत चिघळेल."

"बूट घालतो."

"बूट भिजतील."

शिंप्याने काठी पायरीवर आपटली.

"आई, जाऊ दे ना गं त्यांना!" वरून बायको ओरडली. ती स्टोव्हवर उरलंसुरलं पाणी उकळत होती. "बाबा पुरात वाहून गेले, तेव्हापासून हिनं पाण्याची धास्तीच घेतलीय. बशीतला चहा हिंदकळला तरी हिला पूर दिसतो."

शिंप्याला हसू आलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांची नजर खालच्या पाण्यावरून हलली नाही.

तेवढ्यात वरच्या खोलीतला दिवा लागला.

"लाइट आली!" बायकोने टाळी वाजवली.

"मग तर मला उतरायलाच हवं," शिंपी म्हणाला. "मेन स्विच खाली आहे. तो बंद करतो आणि लगेच वर येतो. हे तरी शहाणपणाचं आहे की नाही?"

उत्तराची वाट न बघता त्याने भिंतीला धरून सासूबाईंच्या खांद्यावरून एक पाय पलीकडे टाकला. सासूबाईंनी तो पाय दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"पाया पडते तुमच्या, जावईबापू. नका उतरू."

तो जागीच थिजला. लग्नापासून या बाईने त्याच्याकडे साधं तांब्याभर पाणी मागितलं नव्हतं. त्याने पाय मागे घेतला आणि तणतणत वर गेला. खिडकीतून त्याने रस्त्याने जाणाऱ्या एकाला हाक मारली आणि वायरमनला धाडायला सांगितलं.

वायरमन दुपार कलल्यावर आला. त्याने आधी खांबावर चढून वायर तोडली. वरचा दिवा विझला. मग तो रबरी बूट चढवून दुकानात शिरला आणि बराच वेळ इकडे तिकडे बघत राहिला.

"या पाण्यात कुणी उतरलं नाही ना?" त्याने खालून विचारलं.

"नाही. का हो?" शिंपी सासूबाईंच्या मागे येऊन म्हणाला.

"मशिनीचा बोर्ड निखळून पाण्यात लोंबतोय. मी वायर तोडेपर्यंत या सगळ्या पाण्यात करंट होता. मेन स्विच लांब राहिला, इथली शेवटची पायरी उतरला असतात तरी संपलं होतं."

शिंपी सासूबाईंच्या मागच्याच पायरीवर मटकन बसला. वायरमन बाहेर पडला.

"आई," शिंपी म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

सासूबाईंनी आधी मान वळवून वर बघितलं. लेक पाठमोरी होती, पातेल्यावर झाकण ठेवत होती.

"हळू बोला, ती ऐकेल," त्या म्हणाल्या. "हिचे बाबा वाहून नव्हते गेले हो. पूर तर ओसरला होता. घोट्याएवढंच पाणी उरलं होतं घरात. हिचा पाळणा मांडायला जमीन लवकर वाळावी, म्हणून ते पंखा लावायला गेले."