पेन्सिलीचे गुण

साल चौऱ्याऐंशी. मुलुंडच्या एका शाळेत दुसरीची मराठीची तोंडी परीक्षा सुरू व्हायच्या आधीच हेडसरांनी नव्या सुगंधाबाईंच्या हातात भरलेला गुणतक्ता ठेवला. दहापैकी गुण, सगळे पेन्सिलीने.

"परीक्षा झाली की यावर पेन फिरवा."

"पण सर, मुलं अजून बोललीच नाहीत."

"आडनावं बोलतात ना, बाई!"

सुगंधाबाई तक्ता घेऊन वर्गात गेल्या. नोकरी हंगामी होती.

विशाखा सोनकांबळे पुढे आली. तिच्या नावापुढे चार होते. पोरीने वस्तीतल्या नळावरचं भांडण असं रंगवून सांगितलं की अख्खा वर्ग हसून लोळला. एका शब्दाला अडखळली नाही. बाईंचं डोकं सणकलं. गेली नोकरी खड्ड्यात! त्यांनी चारचा आकडा रबराने खोडला आणि पेनने ठसठशीत नऊ लिहिला.

टेबलावर वाकून बघणाऱ्या विशाखाचा चेहरा एकदम उतरला.

"बाई, मला चारच द्या ना."

"का गं?"

"पहिलीत कमलबाईंनी पण मला नऊ दिले होते. दुसऱ्या दिवसापासून त्या शाळेत आल्याच नाहीत."