पडद्यावरचा शिपाई

१९४८ साली पोलंडमधल्या लुब्लिन शहरात पोला शेजारणीबरोबर छळछावणीवरचा नवा सिनेमा बघायला गेली. युद्धात आपलं सगळं घरच अशा छावण्यांत संपलं, असंच तिला कळलं होतं.

पडद्यावर एक जर्मन शिपाई कैद्यांवर खेकसला आणि पोला ताडकन उभी राहिली. "हेनियेक! बघा, हा माझा भाऊ! जिवंत आहे!" ती एकाच वेळी हसत होती आणि रडत होती.

लोक वळून बघायला लागले. शेजारीण तिचा हात ओढत कुजबुजली, "अगं, तो तर नाझी आहे."

"नाही हो! रागावला की तो असंच नाक फुगवतो!"

दुसऱ्याच दिवशी तिने सिनेमा कंपनीला पत्र टाकलं. तिसऱ्या आठवड्यात हेनियेक बॅग घेऊन तिच्या दारात उभा होता.

"ज्यू असून तसली भूमिका केलीस?" तिने त्याचा कान धरला.

"काय करणार? सगळ्यांत उंच मीच होतो. तो गणवेश दुसऱ्या कुणाला बसेचना."

दोघं पोट धरून हसली. मग हेनियेकने हळूच आत डोकावून विचारलं, "एकटीच राहतेस?"

"राहत होते," पोला म्हणाली आणि त्याची बॅग उचलून आत घेऊन गेली.