दुपारच्या विमानाने

विमान उतरल्याची पाटी लागली आणि त्याचा श्वास पुन्हा अडकला. एरवी दिवसभर लोकांना ‘सावकाश श्वास सोडा’ सांगून पोट भरणारा हा माणूस, पण सकाळपासून स्वतःचा एक श्वास काही त्याला धड सोडता आला नव्हता. योगकेंद्राच्या मालकिणीला त्याने पोट बिघडल्याची थाप मारली होती.

त्याची लेक येणार होती. दुसरीत शिकणारी, पुढचे दात पडलेली, बोलायला लागली की दम न घेणारी. काडीमोड झाला, तो नोकरीसाठी चीनमध्ये येऊन पडला, आणि तेव्हापासून लेक म्हणजे रविवारचा फोन. तोही आईच्या फोनवरून, आई दुसऱ्या खोलीत असताना. नवरा-बायकोचं बोलणं केव्हाच बंद झालं होतं. लेकीला जवळ घेऊन दोन वर्षं होत आली होती.

मग एका रविवारी तिनेच बातमी दिली.

“बाबा, आमची सहल चीनला येणार आहे!”

आधी त्याला खरं वाटेना. पण त्या शाळेचा काही नेम नव्हता. शिशुवर्गातल्या पोरांना घोड्यावर बसवणारी शाळा ती, दुसरीला परदेशी नेलं तर नवल काय? शिवाय दर रविवारी नवी खबर येतच राहिली. पासपोर्टसाठी फोटो काढला. पासपोर्ट बाईंनी स्वतःच्या कपाटात ठेवले. मला खिडकी मिळाली, पण शेजारी तो नाक ओढणारा बसणार. कुंचल्याने अक्षरं काढायची, कंदील बघायचे, मोठी भिंत बघायची.

“भिंतीला कुणी टेकायचं नाही, असं बाईंनी सांगितलंय.”

“बरोबर आहे बाईंचं. पोचणार कधी तुम्ही?”

“शुक्रवारी. बाई म्हणाल्या, आपण उतरू तेव्हा चीनमध्ये दुपार असते. बाबा, तू येशील ना मला घ्यायला?”

“येशील म्हणजे काय! सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहतो की नाही बघ. पण आईला बोलू नकोस हं. आणि बाईंनाही.”

एवढ्याशा पोरीला लपवाछपवी शिकवताना त्याला लाज वाटली होती. पण आईला कळलं तर ती लेकीचं नावच सहलीतून काढून टाकेल, ही धास्ती लाजेहून मोठी होती. म्हणून त्याने शाळेला फोन केला नाही, कुणाकडे चौकशी केली नाही. शुक्रवारी दुपारी तिकडून येणारं विमान एकच होतं. त्याला तेवढं पुरेसं वाटलं.

आता तो कठड्याला पोट टेकवून उभा होता. इथे आल्यावर वाढवलेली दाढी त्याने सकाळी काढून टाकली होती. न जाणो, पोरीने ओळखलंच नाही तर? हातातल्या पिशवीत अंदाजाने घेतलेला स्वेटर होता. लहान झाला असेल, मोठा झाला असेल, देवाला ठाऊक. बाई मध्ये पडल्या तर काय बोलायचं, हे तो मनातल्या मनात घोकत होता. पाच मिनिटं द्या फक्त. बाप आहे मी तिचा.

काचेचं दार सरकलं. सुटाबुटातली माणसं आली, झोपमोड झालेली आली, ढकलगाडीवर सामानाचा डोंगर रचलेलं एक कुटुंब आलं. मग एकसारख्या टोप्या घातलेली पोरं दिसली आणि तो माणसांना ढकलत पुढे धावला. ती कुठल्यातरी फुटबॉल संघातली मोठाली मुलं होती. “माफ करा, माफ करा,” म्हणत तो जागेवर परतला.

दार सरकत राहिलं, माणसं विरळ झाली. शेवटी छोट्या बॅगा ओढत हवाईसुंदऱ्या आणि वैमानिक बाहेर पडले. विमानात आता कुणीच उरलं नव्हतं.

ती हरवली? आजारी पडली? की आईला सुगावा लागला? मनाचा हिय्या करून त्याने फोन लावला.

“हॅलो,” त्याच्या आधीच्या बायकोचा आवाज आला.

“फोन ठेवू नकोस. पोरगी कुठे आहे?”

“माझ्यासमोर. का?”

“तुझ्यासमोर? म्हणजे तूही आलीस?”

“आले म्हणजे? पालकांना यायलाच सांगितलं होतं. रजा टाकून आले.” मागे पोरांचा नुसता कालवा चालला होता. “तुला कुणी सांगितलं आजचं?”

“तिनेच. तिला रागावू नकोस, मीच लपवायला सांगितलं. उतरले का सगळे?”

“केव्हाच. आणि उतरल्यापासून ही बया हाताला लागत नाहीये. पळत सुटलीय नुसती, काय शोधतेय कोण जाणे.”

त्याला रडूच कोसळलं. नक्की दुसऱ्या कुठल्यातरी दाराने आली असणार. तो गर्रकन वळला आणि टाचा उंचावून चहूकडे बघू लागला.

“मला शोधतेय ती. मी केव्हाचा येऊन उभा आहे. मला काय वाटेल ते बोल, पण पाच मिनिटं भेटू दे.”

पलीकडून ती हळूच म्हणाली, “तू आलायस? खरंच?” तिच्या आवाजात राग नव्हता. असा आवाज त्याने कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. “थांब हं, देते तिला.”

फोन या हातातून त्या हातात गेला आणि लेकीचा धापा टाकणारा आवाज आला.

“बाबा, आम्ही पोचलो चीनला! मी पुठ्ठ्याच्या भिंतीमागे बघितलं, तिसरीच्या वर्गात बघितलं, चौथीच्या वर्गात बघितलं. तू कुठल्या वर्गात उभा आहेस?”